परतीचा पाइप

आप्पा पाने मांडायला बसले की आमच्याकडे सकाळ झाली असं समजायचं. ओसरीवर गोणपाट अंथरून ते लहानापासून मोठ्यापर्यंत एकेक पाना ओळीत ठेवत जायचे. आठ-नऊचा पाना टिणकन वाजायचा, बत्तीसचा नुसता धप्प बसायचा. मी आत चुलीपुढे भाकरी थापत असायचे आणि आवाजावरून मला कळायचं, आप्पा आता कुठवर आले. शेवटचा पाना ठेवला की चहा तयार हवा. आई म्हणायची, "देवापुढं एवढं मन लावून बसले असते तर आतापर्यंत देव दिसला असता." आप्पा हसायचे. "देव दिसंल तवा दिसंल. आधी चौदाचा पाना दिसला पायजे."

ते असं का म्हणायचे हे तेव्हा घरात फक्त मला माहीत होतं.

आमचं घर चांदवडच्या अलीकडे, हायवेला लागून. पुढे पत्र्याचं गॅरेज, मागे दोन खोल्या आणि त्यामागे चुलत्यांचं कांद्याचं वावर. आप्पा ट्रकचे मिस्त्री होते. दिवसभर घरात तीन वास असायचे, डिझेलचा, ओल्या कांद्याचा आणि आईच्या काळ्या मसाल्याचा. दुपारच्या घुट्यालासुद्धा थोडा डिझेलचा वास यायचा, पण आम्हाला तो कळायचा नाही, पाहुण्यांना कळायचा. उडदाचं ते घुटं, वर लसणाची फोडणी, बाजरीची भाकरी आणि कांद्याची पात, एवढंच असायचं. आता माझ्या नाशिकच्या घरी गॅस आहे, मिक्सर आहे, उडीदही चांगला मिळतो. मी तसंच करते, तेवढाच लसूण घालते. पण ते घुटं होत नाही. सून म्हणते, छान झालंय आई. मी हो म्हणते.

गॅरेजात गाडीखाली जायला इतरांकडे खड्डा असतो. आमच्याकडे आप्पांनी खणायला घेतला तेव्हा हाताभरावरच काळा खडक लागला. सुरुंग लावायचा तर घर जवळ. म्हणून त्यांनी उलटं केलं, दगडाचे दोन उतरते ओटे बांधले. ट्रकची पुढची चाकं ओट्यांवर चढवायची, मागच्या चाकांना दगड लावायचे, म्हणजे गाडी नाक वर करून उभी राहते आणि खाली सरपटत जायला जागा होते. लहानपणी मला वाटायचं ट्रक दुरुस्तीला आला की असाच उभा राहतो, जशी गाय धार काढताना उभी राहते. त्या गाडीवर चहाचा कप ठेवायचा तर पाऊणच भरायचा, नाहीतर मागच्या कडेने सांडायचा. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. दोनदा सांडला, तिसऱ्यांदा हातानेच कमी भरला.

शाळा वस्तीवर चौथीपर्यंतच होती. पाचवीची शाळा हायवेच्या पलीकडे, आणि आई मला रस्ता ओलांडू देईना. मग मी घरीच राहिले. मला बोलायचा कमी सराव होता, अजूनही आहे. चार माणसं समोर असली की शब्द घशात बसून राहतात. आप्पांना त्याचं कधी काही वाटलं नाही. त्यांना माझा उपयोग होता. आधी मी नुसता चहा न्यायचे, मग पाने पुसायला लागले, मग एकदा आप्पांनी गाडीखालून हात बाहेर काढला आणि म्हणाले, "इंदू, सतराचा दे." सतराचा पाना त्यांच्या उशाशी, वीतभर अंतरावर पडला होता. मी तो उचलून हातात ठेवला. त्या दिवसापासून मी त्यांच्याजवळ बसायला लागले. त्यांच्या डोळ्यांवर हळूहळू साय धरत होती. पान्याच्या अंगावरचा आकडा त्यांना दिसत नव्हता, मला वाचता येत होता. माझी चौथी तेवढ्याला पुरली.

हे बाहेर कळता कामा नये, असं आमचं न बोलता ठरलं होतं. ज्या मिस्त्रीला दिसत नाही त्याच्याकडे गाडी कोण घालेल? आप्पा कानाने इंजिन ओळखायचे. लाकडी मुठीचा मोठा स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायची, आणि सांगायचे, तिसऱ्या नंबरच्या सिलिंडरात ठोका आहे. ते कधी चुकले नाहीत. बाकी सगळं बोटांनी. कोणी गिऱ्हाईक उभं असलं की आप्पा डोळे बारीक करून उगाच इंजिनाकडे बघायचे. मला ते बघवायचं नाही.

मग तो टर्बो आला.

बबनराव म्हणून एक ड्रायव्हर होते, चांदवडहून मुंबईला टोमॅटो न्यायचे. जाडे, तोंडात कायम बडीशेप, आणि बोलणं असं की इंजिन बंद असलं तरी गॅरेज भरलेलं वाटायचं. त्यांच्या मालकाने जुन्या गाडीला मुंबईत कुठेतरी टर्बो बसवून घेतला होता. आमच्या भागात तेव्हा असली गाडी नवलाची. बबनरावांनी बोनेट उघडून आम्हाला दाखवलं. बिडाची मोठी गोगलगाय इंजिनाच्या कुशीला चिकटल्यासारखी दिसत होती. आप्पांनी थंड इंजिनावर हात फिरवून तिचा सगळा आकार समजून घेतला. रात्री जेवताना मला समजावलं. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर तिच्या आतलं चाक फिरतं आणि इंजिनात हवा कोंबतं. ते चाक इतकं जोरात फिरतं की त्याला सतत तेल लागतं. वरून बारीक पाइपने तेल येतं, खालून जाड पाइपने परत चेंबरला, म्हणजे इंजिनाच्या तळातल्या तेलाच्या हौदाला जातं.

तो परतीचा पाइपच खराब झाला होता. रबरी होता आणि मॅनिफोल्डला, म्हणजे जिथून तापलेला धूर बाहेर पडतो त्या लोखंडाला, अगदी लागून गेला होता. उष्णतेने वाळलेल्या शेंगेसारखा कडक होऊन तडकला होता. तेलाचे थेंब लाल लोखंडावर पडून एकदा रस्त्यातच जाळ झाला, बबनरावांनी माती टाकून विझवला. आप्पांनी तसाच नवा रबरी पाइप टाकला, वरून ॲस्बेस्टॉसची न जळणारी दोरी गुंडाळली. वीस दिवसांत तोही गेला. दुसऱ्या खेपेला आप्पा म्हणाले, आता याला धगीपासून लांबच नेतो. लोखंडी पाइप घेतला, टर्बोखालून मागच्या बाजूला वळवला आणि चेंबरच्या मागच्या टोकाला नवं तोंड पाडून तिथे जोडला. मॅनिफोल्डपासून चांगला हातभर लांब. आप्पा खूश होते. त्या दिवशी त्यांनी मला गूळ-शेंगदाणे आणायला पैसे दिले.

चार दिवसांनी बबनराव परत आले ते मालकाला घेऊनच. मालक गाडीतून उतरले, चहा नको म्हणाले. आमच्याकडे कोणी चहा नको म्हटलं की काहीतरी वाईट होतं.

"आप्पा," ते म्हणाले, "घाट उतरताना गाडी निळा धूर फेकती. मागचे लोक शिव्या देतात. तेल जळतंय. एकदा झालं, दोनदा झालं. आता तिसऱ्यांदा नीट नाय झालं तर मी गाडी नाशकात अंबडच्या गॅरेजला देतो. आणि माझ्या बाकीच्या तीन गाड्यापन."

त्यांच्या चार गाड्या म्हणजे आमचं निम्मं गॅरेज. पण त्याहून वेगळी भीती होती. त्या गाड्या गेल्या की लोक विचारणार, का गेल्या. आणि मग कोणीतरी आप्पांच्या डोळ्यांकडे नीट बघणार.

मालक रस्त्यावरच्या टपरीवर जाऊन बसले. गाडी ओट्यावर चढवली होती, बोनेट उघडं. आप्पा पाइपावरून पुन्हा पुन्हा बोटं फिरवत होते. "उतार तर हाय," ते पुटपुटत होते. "वरनं खाली, नीट उतार हाय. कुठं अडकत असंल?"

बबनराव टायरवर बसून म्हणाले, "आप्पा, एक गंमत सांगू? घाट चढताना कायच नाय. सपाटीला बारीक धूर. उतरायला लागलो की लगेच निळा. जसं काय गाडीला मुंबईच आवडत नाय."

मी चहा घेऊन आले होते. पाऊण कप. बोनेटच्या कडेला ठेवला, चहा कपात मागच्या बाजूला चढून थांबला, आणि मी तिथेच उभी राहिले.

गाडी आमच्या ओट्यावर कायम नाक वर करून उभी असते. आप्पांनी पाइप टाकला तो असाच. इथे मागे उतार दिसतो. पण गाडी खाली आली की तो उतार जवळजवळ सपाट होतो, आणि घाट उतरताना नाक खाली गेलं की मागचं टोक वर येतं. मग तेल जाणार कुठे? टर्बोतच साचणार आणि धुराबरोबर जळून निळं होणार. येणाऱ्या तेलाला पंप ढकलतो, जाणाऱ्याला कोणी ढकलत नाही. ते आपल्या वजनानेच उतरणार. आप्पांनी आयुष्यभर पाण्याचे, डिझेलचे, हवेचे पाइप टाकले, त्या सगळ्यांना मागून काहीतरी ढकलणारं होतं. उताराचा एवढा हिशेब त्यांना कधी लागलाच नव्हता. मला मात्र रोज लागत होता, चहा ओतताना.

हे आता लिहिताना चार ओळींत झालं. तेव्हा सांगायला तोंड उघडेना. समोर बबनराव, पलीकडे मालक. मुलीच्या जातीने, तेही चौथी शिकलेलीने, मिस्त्रीला सांगायचं की तुमचं चुकलं? आणि सांगितलं तर आप्पांना दिसलं कसं नाही हेही त्यातच आलं. मी आत गेले. भाकरी तव्यावर टाकली आणि बघत राहिले. ती करपली. आई म्हणाली, "इंदे, लक्ष कुठंय? भाकरी जाळून गॅरेज चालायचं हाय का?"

मी एक बशी घेतली, तिच्यात पाणी घातलं आणि बाहेर आले. ती इंजिनाच्या वरच्या सपाट झाकणावर ठेवली. आप्पांचा हात धरला. मोठं झाल्यापासून मी त्यांचा हात असा धरला नव्हता. त्यांचं बोट बशीच्या मागच्या कडेला लावलं, तिथे पाणी काठोकाठ होतं. मग तेच बोट पुढच्या कडेला नेलं, तिथे चिनी माती कोरडी. पुन्हा मागे, पुन्हा पुढे.

आप्पांचा हात थांबला. मग इतक्या हळू म्हणाले की मलाच ऐकू आलं, "आन् घाटात उलटं."

"हं," मी म्हटलं.

आप्पांनी आवाज चढवला. "बबन, गाडी ओट्यावरनं काढ. सपाटीला घे. रस्त्याकडंला, तिथं."

"सपाटीला? मग तुम्ही खाली शिरणार कसं? तुमचं पोट अडकंल."

"माझ्या पोटाचं मी बघतो. तुझं बघ आधी."

गाडी खाली आली. मी बशी पुन्हा ठेवली, पाणी चारी कडांना सारखं. आता उतार खरा. पण धगीचा प्रश्न होताच. पाइप मागे नेला होता तो मॅनिफोल्ड टाळायला. पुढून सरळ खाली आणायचा तर धग कुठून वाचवायची? आप्पांना थंड इंजिन हाताने कळायचं, पण थंड लोखंड सगळीकडे सारखंच थंड. आणि तापलेल्याला हात कोण लावणार? मी म्हटलं, "आप्पा, इंजिन चालू ठेवायला सांगा. तव्यासारखं बघते."

बबनरावांनी अर्धा तास इंजिन जोरात चालवलं, मग बंद केलं. मी तांब्यात बोटं बुडवून चार थेंब मॅनिफोल्डवर शिंपडले. तडतडून उडाले. टर्बोच्या खाली शिंपडले, नाचत गेले. आणखी थोडं पुढे, इंजिनाच्या अंगावर, फसफसले आणि सुकले. त्याच्याही पुढे एक पट्टा होता, पंख्याचा वारा लागायचा तिथे. थेंब पडले आणि तसेच राहिले, जसा न तापलेल्या तव्यावर थेंब राहतो. तिथे अजून भाकरी टाकायची नसते. मी आप्पांना सांगत गेले, इथे उडतंय, इथे सुकतंय, इथे बसतंय. आप्पा मान हलवत गेले. बबनराव तोंडातली बडीशेप चघळायची विसरले.

कोणताही पाइप वाकवण्याआधी आप्पा तारेचा नमुना करायचे. जाड तार घ्यायची, पाइप जिथून जाणार तिथून ती वळवत न्यायची, मग त्या तारेवर पाइप वाकवायचा. त्या दिवशी त्यांनी तार माझ्या हातात दिली. इंजिन थोडं निवल्यावर मी बोनेटवर ओणवी झाले. टर्बोच्या पोटाखालून तार सरळ खाली सोडली, मॅनिफोल्डकडे पाठ केली, थेंब बसलेल्या पट्ट्यातून पुढे आणली आणि चेंबरच्या कुशीत, तेलाच्या पातळीच्या वर टेकवली. कुठे पोट पडू दिलं नाही, कुठे उंचवटा राहू दिला नाही. गाडीने नाक वर केलं काय, खाली केलं काय, तेल खालीच जाईल इतका उतार. हात भाजले होते थोडे, पण तेव्हा कळलं नाही.

आप्पांनी तार घेतली आणि डोळे मिटले. वरपासून बोटं फिरवत आले. पहिलं वाकण, दुसरं वाकण, आणि शेवटच्या वाकणापाशी थांबले.

"इथं अजून एक बोट उतार दे."

मी दिला. त्यांनी पुन्हा हात फिरवला. "बास," म्हणाले.

पाइप झाला. मध्ये तेलाच्या डब्याचा पत्रा कापून आडोसा लावला, पत्रा आणि पाइप यांच्यात बोटभर मोकळी हवा ठेवून. चेंबरचं मागचं तोंड बुजवलं. संध्याकाळी बबनराव निघाले. मालक सरळ गाडीत जाऊन बसले. बबनराव मात्र माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, परवा परत येईन. धूर नसला तर वस्तीपाशी तीनदा हॉर्न देतो. असला तर गप पुढं जाईन, मला तुमच्या आप्पांना तोंड दाखवायचं नाय." आणि मग आप्पांना, आवाज खाली करून, "आप्पा, डोळ्यांचं बघून घ्या. आम्हाला सगळ्यांना माहीत हाय. वरीस झालं. कोण सोडून गेलं का तुम्हाला?"

आप्पा पाने गोळा करत राहिले. उलटसुलट, कुठलाही कुठेही.

दोन दिवस आम्ही रस्त्याकडे कान लावून होतो. आईसुद्धा. हायवेवर काय कमी हॉर्न वाजतात? प्रत्येक हॉर्नला आप्पांची मान उचलायची. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दारात भांडी घासत होते. एक हॉर्न वाजला, लांबलचक. मग दुसरा. मी राखेचा हात तसाच धरून उभी. तिसरा वाजला, आणि मग चौथा, पाचवा, तो मनुष्य थांबेचना. आई आतून ओरडली, "तीन म्हणला होता ना मेला!" आणि पदराने डोळे पुसायला लागली. आप्पा ओसरीवर बसले होते. त्यांनी माझ्या दिशेने हात केला. मी राख लागलेला हात त्यांच्या हातात दिला.

इथेच थांबावं असं वाटतं. पण झालं ते असं की बबनरावांनी ही गोष्ट प्रत्येक टपरीवर सांगितली. आप्पांच्या पोरीने पाइप टाकला. कौतुकानेच सांगितली. आठवड्यात मामा आले. "अक्का, पोरगी गाड्यांखाली जाती म्हणं. मग हिला करणार कोण?" आई घाबरली. दोन महिन्यांत अंबडला कंपनीत काम करणारं स्थळ आलं. बघायला आलेल्यांनी विचारलं, मुलीला काय काय येतं. आई म्हणाली, स्वयंपाक, शिवण. आप्पा म्हणाले, "पाइप बी टाकती." आईने त्यांच्याकडे असं बघितलं की बरं झालं त्यांना दिसलं नाही. मुलगा हसला. तो हसला म्हणून मी हो म्हटलं. माणूस चांगला निघाला, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पण मला जायचं नव्हतं. हे मी कोणाला सांगितलं नाही, आज लिहिते आहे. मी ती बशी बाहेर नेली नसती तर गाड्या अंबडला गेल्या असत्या, गॅरेज बसलं असतं. नेली, तर मीच अंबडला गेले. गॅरेज पुढे दोन वर्षं चाललं. आप्पांनी डोळ्यांचं ऑपरेशन केलं, एका डोळ्याने थोडं दिसायला लागलं, पण आकडा वाचायला कोणी नव्हतं. माझी ती तार त्यांनी खिळ्याला टांगून ठेवली होती आणि तशा गाड्या आल्या की तिच्यावरूनच पाइप वाकवायचे. दिवाळीला गेले की मी आधी खिळा बघायचे. ते गेल्यावर चुलत भावाने भंगार दिलं त्यात तीही गेली. मी मागितली नव्हती. काय म्हणून मागणार होते, तार?

आता तिथे मोठा पूल झाला आहे. ओटे, खडक, घर, सगळं त्याच्या खाली. मुलाच्या गाडीतून जाताना मी डावीकडे बघते. तो एसी वाढवू का विचारतो.

परवा घरात कोणी नव्हतं. कपडे वाळत घालायची जाड तार तुटून पडली होती. मी ती घेऊन ओट्यापाशी बसले, स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी. हात आपोआप चालले. सरळ खाली, मग पाठ करून, मग पुढे. झाल्यावर डोळे मिटले आणि वरपासून बोटं फिरवत आले. शेवटच्या वाकणापाशी बोटं थांबली. तिथे एक बोट उतार अजून दिला, आणि कोणी बास म्हणेल म्हणून तशीच बसून राहिले.